पगाराची तारीख आणि वाण्याची वही

गिरणगावावर आजवर पुष्कळ लिहिले गेले. संप, पुढारी, चाळी, भजनी मंडळे, तमाशाचे फड, सर्वांना आपापले इतिहासकार लाभले. परंतु महिन्याचे दाणे कोठून भरावयाचे, हा जो प्रश्न गिरणी कामगाराच्या घरातील बाईपुढे दर महिन्यास उभा राही, त्याकडे इतिहास म्हणून पाहण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. तो स्वयंपाकघरातला प्रश्न, असे समजून आपण त्याला उंबऱ्याच्या आत ठेवला. ह्या व्यासपीठावरून विद्वान प्राध्यापक बोलून गेले आहेत. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीतले जुने अहवाल चाळता चाळता जेवढे झाले तेवढेच. तेव्हा मोठ्या सिद्धांतांच्या वाटेस न जाता आम्ही दाण्यांपासूनच सुरुवात करतो.

गिरणी कामगाराविषयी एक तक्रार फार दिवसांपासून ऐकू येते. त्याला म्हणे पैसा वापरता येत नाही. पलीकडच्या गल्लीत तांदूळ स्वस्त असता तो चाळीखालच्या वाण्याकडून महाग तांदूळ घेतो, आणि तोही उधारीवर. इंग्रजी अमलातील अधिकारी हे लिहीत, समाजसुधारक हे सांगत, आणि खरे बोलावयाचे तर कामगार चळवळीतील शिकलेली मंडळीही सभांतून हेच सुनावीत. हा आरोप कितपत खरा, हे ठरवावयाचे तर नुसते दुकानाकडे पाहून चालणार नाही. गिरणीतील पगाराच्या खिडकीकडे पाहिले पाहिजे.

मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याने होत असे, आणि तोही महिना संपताच नव्हे. जानेवारीत केलेल्या कामाचे पैसे फेब्रुवारीच्या दहा ते पंधरा तारखेच्या सुमारास हाती पडत. म्हणजे रत्नागिरीहून किंवा साताऱ्याहून आलेला मनुष्य एक तारखेस साच्यावर उभा राहिला, तर पहिला पगार दीड महिन्याने! तोवर त्याने खावे काय? अहमदाबादेस पगार हप्त्याने, म्हणजे साधारण पंधरवड्याने होई. १९२९ साली नेमलेल्या शाही कामगार आयोगाने आपल्या १९३१ च्या अहवालात पगाराची मुदत अशीच आखूड करावी, असे सुचविले होते. पुढे १९३६ साली पगार देण्याविषयीचा कायदा झाला. त्याने तारीख बांधून दिली: हजाराच्या आत कामगार असतील तेथे मुदत संपल्यापासून सात दिवसांत, त्याहून मोठ्या कारखान्यांत दहा दिवसांत. पण मुदत महिन्याची ठेवण्यास मोकळीक राहिली ती राहिलीच. गिरण्या बहुतेक मोठ्या. तेव्हा दहा तारीख हा गिरणगावाचा दरमहाचा सण झाला.

ह्या सणापर्यंत चूल पेटती ठेवण्याचे काम वाण्याच्या वहीने केले. गावचा माणूस किंवा खात्यातला जॉबर शब्द टाकी, वाणी नवे पान उघडी, आणि तांदूळ, डाळ, गोडे तेल, मीठ, मिरची त्या पानावर चढत जाई. पगाराच्या दिवशी पान मिटावयाचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडावयाचे. कित्येक ठिकाणी जॉबराचाच दुकानात किंवा खानावळीत हात असे. मग कोठे माल घ्यावा हा प्रश्नच उरत नसे, कारण दुकान बदलणे म्हणजे जॉबराची मर्जी गमावणे.

मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने १९२१-२२ मध्ये कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. २,४७३ कुटुंबांचे हिशेब तपासले. शंभरातील सुमारे सत्तावन्न रुपये खाण्यावर जात आणि ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती. सावकाराचा रूढ दर रुपयास दरमहा एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. वाणी व्याज लावीत नसे. तो भाव लावी. आता, श्रोतेहो, थोडे त्रैराशिक करू. समजा, रोखीच्या भावापेक्षा वहीचा भाव रुपयामागे नुसता अर्धा आणा चढा आहे. महिनाभर थोडाथोडा माल उचलून पगाराला हिशेब चुकविणारी बाई सरासरीने पंधरा दिवसांचीच उधारी वापरते. पंधरा दिवसांस अर्धा आणा म्हणजे महिन्यास एक आणा. म्हणजे सावकाराचाच दर! शिवाय माप होतेच. पूर्वी दाणे वजनाने नव्हे, मापाने विकले जात. चार शेरांची पायली, पाव शेराचे चिपटे. ते भरताना हात कसा फिरवावा, दाणा किती चेपावा, ही एक विद्याच होती, आणि ती गल्ल्यामागे बसलेल्यास अवगत असे. मुंबई इलाख्यात १९३२ साली वजनामापांचा कायदा झाला. तोळ्याशेरांच्या जागी किलोग्रॅम येऊन तो सर्वत्र सक्तीचा व्हावयास १९६२ साल उजाडले.

हे सारे त्या बाईला कळत नव्हते काय? चांगले कळत होते. अर्धा आणा कोठे जातो हे तिच्याइतके कोणासच ठाऊक नव्हते. तरीही ती वही सोडीत नसे, कारण तो अर्धा आणा निव्वळ तांदळाची किंमत नव्हती. तो एका प्रकारचा विम्याचा हप्ता होता. आजारपण आले, साचा बंद पडला, गावी मयत झाले, तर वही चालू राहत असे. आणि सर्वांत मोठी गोष्ट, संप झाला तर.

१९२८ चा संप घ्या. एप्रिलमध्ये सुरू झाला, ऑक्टोबरात मिटला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर राहिले. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, अर्जुन आळवे, ना. म. जोशी ह्यांची नावे आपण घेतो आणि ती घेतलीच पाहिजेत. पण सहा महिने दीड लाख चुली भाषणांवर पेटत नाहीत. पुष्कळ लोक गावी गेले. संपसमितीने दाणे वाटले. आणि जे शहरात राहिले त्यांना वाण्याच्या उधारीचा आधार होता. वाणी काही धर्म करीत नव्हता. जुने येणे बुडू नये म्हणून नवे द्यावे लागे, आणि उद्या हीच गिऱ्हाइके पगार घेऊन येणार हे त्यास ठाऊक होते. तरीही आमचे मत असे की, युनियनच्या तिजोरीत जेवढा संपनिधी कधी जमला नाही तेवढा चाळीखालच्या दुकानांतील वह्यांत होता. मालकांनाही हे समजत असावे. संप किती दिवस टिकेल ह्याचा अंदाज वाण्याच्या चेहऱ्यावरून बांधता येतो, असे जुने कार्यकर्ते आम्हांस सांगत.

येथे थोडे विलायतेस जाऊन आले पाहिजे, कारण स्वस्त आणि चोख दुकानाची जी कल्पना आपण पुढे उचलली, ती तेथल्या विणकरांची. लँकेशायरातील रॉचडेल गावी १८४४ च्या २१ डिसेंबरास टोड लेन नावाच्या गल्लीत अठ्ठावीस जणांच्या संस्थेने दुकान उघडले. भांडवल २८ पौंड, तेही आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकून जमविलेले. माल म्हणाल तर पीठ, लोणी, साखर, ओट आणि काही मेणबत्त्या. माल निर्भेळ, वजन पुरे, भाव बाजारचा, आणि नफा ज्याने जितका माल घेतला त्या प्रमाणात त्याला परत. सहकाराचे सारे शास्त्र येथून निघाले. पण त्यांचा एक नियम आपल्याकडे विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे: उधारी बंद. ह्याच गावात १८३३ साली असे एक दुकान निघाले होते आणि उधारीपायी दोन वर्षांत बुडाले होते. म्हणून रॉचडेलकरांनी रोखीचे कुंपण घातले. ते त्यांना साधले, कारण लँकेशायरात मजुरी बहुधा आठवड्याने मिळे. शनिवारी पैसे हाती, शनिवारी बाजार. तोच नियम दहा तारखेच्या गिरणगावात आणून लावला, तर महिन्याच्या वीस तारखेला त्या दुकानाच्या दारात कोण उभा राहील?

आपल्याकडे १९०४ साली मद्रासेत ट्रिप्लिकेनची संस्था निघाली. १९१२ च्या कायद्याने कर्जाखेरीज इतर कामांच्या सहकारी संस्थांनाही मान्यता मिळाली. मुंबईत मात्र कामगारांच्या भांडारांना खरा जोर आला तो लढाईनंतर. त्याचे एक कारण रेशनिंग. मे १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि प्रथमच वाण्याच्या हातून तांदूळ-गहू निसटले. भाव ठरलेला, माणशी माप ठरलेले. १९४८ साली नायगावात कामगारांची सहकारी ग्राहक संस्था उभी राहिली; तीच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून घरोघरी माहीत झाली. भेसळ नाही, वजनात मारणे नाही, आणि दुकानाचे मालक आपणच, हा अभिमान आम्ही आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेला आहे. पण रेशनचे दुकान काय आणि भांडार काय, दोन्हीकडे पैसे रोख. ज्या घरात नेमके त्या आठवड्यात रोकड नसे, तेथले रेशन तसेच राही. कोणी वाण्याकडून उसने घेऊन ते उचलीत, तर कोणी कार्डच गहाण ठेवीत. सहकाराचा लाभ ज्याच्या गाठीला आठ दिवसांचे पैसे शिल्लक त्याला प्रथम, आणि ज्याला गरज सर्वांत अधिक त्याला शेवटी, असे झाले. यात भांडार चालविणाऱ्यांचा दोष नाही. उधार दिले असते तर तेही रॉचडेलच्या पहिल्या दुकानाच्या वाटेने गेले असते.

दाणे कोणत्या भावाने घेतले, हा प्रश्न केवळ घरचा नव्हता, ह्याचा पुरावा महागाई भत्त्यात आहे. भत्ता निर्देशांकावर, आणि निर्देशांक बाजारभावांवर. तो खरी महागाई कमी दाखवितो ही कामगारांची जुनी तक्रार. १९६३ च्या ऑगस्टमध्ये त्यावरून मुंबई बंद झाली, सरकारने डॉ. लकडावाला ह्यांची समिती नेमली आणि निर्देशांकात दुरुस्ती करावी लागली. म्हणजे बाईच्या पिशवीतील शेरभर डाळीचा भाव फिरून गिरणीच्या पगारपत्रकापर्यंत पोहोचला होता. पुढे १९७२-७३ मध्ये मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर ह्यांच्यामागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्या हीच पिशवी घेऊन.

वहीच्या गाठीला थेट हात घातला तो खानावळवाल्या बायकांनी. एकट्या राहणाऱ्या कामगारांना त्या महिन्याच्या बोलीवर जेवू घालीत. गाळेकरी पैसे देणार पगाराला. तोवर किराणा वाण्याकडून उधार, वाणी सांगेल त्या भावाने. दिवसभर भाकऱ्या थापून हाती काय उरे, ते त्यांनाच ठाऊक. १९७५ साली प्रेमाताई पुरव ह्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज ह्या बायकांना मिळवून दिले. रोकड हाती येताच दुकान निवडण्याची मोकळीक आली. दुकान नवे नव्हते, अक्कलही नवी आली नव्हती. नवे होते ते आगाऊ हाती आलेले पैसे. मध्यमवर्गीयांनी त्याच सुमारास ग्राहक पंचायत उभारली, शेजारपाजारची घरे मिळून महिन्याची यादी करू लागली. फार चांगले काम. परंतु महिन्याची यादी करणे हे मासिक पगार वेळेवर येणाऱ्याचे सामर्थ्य आहे, हे विसरू नये.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो, आणि वहीवर माल आणावयाचे काम घरात आमच्याकडे असे. पहिले तीन-चार महिने वाण्याने पूर्वीप्रमाणे लिहिले. मग तेल पाव किलोच्या जागी अतपाव देऊ लागला. मग म्हणाला, ‘आईला पाठव.’ पावसाळ्यात पान मिटले ते पुन्हा उघडले नाही. मोठेपणी कळले की, दाणाबंदरच्या घाऊक व्यापाऱ्याने त्याचेच पान मिटले होते. दोन वर्षांनी त्या गाळ्यात कपड्यांना इस्त्री करणारा बसला होता. १९२८ साली गिऱ्हाइके पगार घेऊन परत येणार ह्या भरवशावर वही चालली. १९८२ साली तो भरवसाच संपला, कारण पुष्कळ गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत. संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही, हे आपण ऐकतो. वहीची बाकीही कोणी रीतसर फेडली नाही.

गिरण्यांच्या जागी आता मनोरे आणि मॉल आहेत. २००२ साली पवईत ‘डी-मार्ट’चे पहिले दुकान निघाले आणि स्वस्त दाण्यांची नवी तऱ्हा आली, तेथे मोठे बांधे घेणाऱ्याला भाव खरोखर परवडतो. आमचे काम सध्या सफाईच्या कंत्राटी कामगारांत आहे. बिल पास झाले नाही, ह्या सबबीवर कंत्राटदार पगार वीस-बावीस तारखेवर नेतो. म्हणून एका ठिकाणी आम्ही मागणीपत्रात वाढीच्या आधी तारीख घातली. काही कार्यकर्ते हसले. दीड वर्षाच्या खटपटीने सात तारीख कबूल झाली आणि, आश्चर्य म्हणजे, पाळली गेली. तिसऱ्या महिन्यात त्यांतील एका बाईने सांगितले की, तिने जन्मात प्रथमच पाच लिटरचा तेलाचा डबा एकदम आणला. आम्ही विचारले, मग वाण्याकडचे खाते बंद केलेत का? ती म्हणाली, ‘नाही हो दादा. काडेपेटी, साबण, चहाची पुडी अजून त्याच्याकडूनच आणते. लिहूनच ठेवायला सांगते.’