भिंतीमागचा आवाज : एका अर्थनिर्णयाचा इतिहास

ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या आमच्या चाळीत दुपारी बाराच्या सुमारास एका खोलीतून भिंतीवर काही आपटल्याचा आवाज येई. तेथील सात-आठ वर्षांचा, न बोलणारा मुलगा भिंतीवर डोके आपटत असे. चाळीने त्याचे अर्थ आपापल्या परीने लावले होते. कोणी बाधा म्हणे, कोणी लाडाने आलेला हट्ट. शेवटी बहुतेकांचे बोट आईकडेच वळे. 'स्वमग्नता' हा शब्द तेव्हा आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हता.

ज्यांना तो शब्द ठाऊक होता, त्यांचे वाचन तरी फार निराळे होते असे नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये बाल्टिमोर येथे अकरा मुलांचे वर्णन करताना ही अवस्था जन्मजात असावी असे म्हटले. पुढे मात्र त्यांनीच पालकांच्या कोरडेपणावर बोट ठेवले. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या 'द एम्प्टी फोर्ट्रेस' या ग्रंथात तो आरोप अधिकच ठाम केला. शिकागोचा विद्वान आणि मुलुंडची चाळ यांचे आईविषयी एकमत होते!

दुसरे वाचन वर्तनवाद्यांचे. ईवार लोव्हास यांनी १९६५ मध्ये दाखविले की मूल स्वतःला इजा करीत असताना त्याला कुरवाळले तर ते वर्तन वाढू शकते. म्हणजे वर्तन परिस्थितीशी बांधलेले होते. परंतु त्याच दशकात ते थांबविण्यासाठी मुलांना विजेचे धक्केही दिले गेले. इजा टाळण्यासाठी इजा, हा त्या काळच्या उपचारातील अंतर्विरोध होता.

खरे वळण १९७७ मध्ये आले. एडवर्ड कार यांनी या वर्तनामागच्या संभाव्य कारणांची मांडणी केली : इतरांचे लक्ष, नको त्या कामातून सुटका, संवेदनेची गरज, शारीरिक व्याधी. १९८२ मध्ये ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी नऊ जणांचे वर्तन वेगवेगळ्या परिस्थितींत तपासले. वरवर सारखे वर्तन, पण त्यामागची कारणे सर्वांची एकच नव्हती. १९८५ मध्ये कार व मार्क ड्युरँड यांनी मुलांना मदत वा लक्ष मागणारी साधी वाक्ये शिकविली आणि त्रासदायक वर्तन कमी झाले. संदर्भाशिवाय अर्थ नाही, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला नवे नाही. येथे त्याची किंमत रक्ताची होती. अर्थात प्रत्येक आघात हा निरोप नसतो. दुखणारा दात वा कान आधी तपासावाच लागतो.

आपल्याकडे १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेला स्थान नव्हते. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने आणि पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिले. २००१ मध्ये मुंबईत 'उम्मीद' हे बालविकास केंद्र सुरू झाले. २००९ च्या भारतीय मूल्यमापन श्रेणीतील चाळीस मुद्द्यांत स्वतःला इजा करणे हाही एक मुद्दा आहे. ती श्रेणी वर्तन किती वेळा घडते ते मोजते. प्रमाणपत्रासाठी ते आवश्यकच. पण 'का' हा प्रश्न तिच्या बाहेर उरतो.

आता आठवते, बाराच्या सुमारास चाळीतल्या घराघरांतून कुकरच्या शिट्ट्या सुरू होत. दोहोंचा संबंध असेलच असे आज छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण आम्ही दोन्ही आवाज रोज ऐकत होतो, आणि ते एकत्र ऐकून पाहावेत असे कोणालाही सुचले नाही. त्या आईला मात्र आम्ही दोषी ठरवून मोकळे झालो होतो.