ढाल (मराठाकालीन)

ढाल हे तलवार, भाला किंवा बाण यांचा वार अडविण्याचे संरक्षक साधन आहे. मराठाकालीन ढाल गोल व मध्यभागी फुगीर असे. ती म्हैस, सांबर किंवा गेंडा यांच्या कमावलेल्या कातड्याची अथवा पोलादाची बनवीत.

रचना

ढालीच्या दर्शनी भागावर बहुधा धातूची चार फुले दिसतात. ती केवळ शोभेची नसतात. आतील मुठींच्या कड्या ज्या खिळ्यांनी पक्क्या केल्या जातात, त्यांची टोके या फुलांखाली असतात. दोन्ही मुठी एकत्र करून डाव्या हातात धरीत. बोटांना दणका बसू नये म्हणून त्यांमागे लहान गादी असे. याउलट रोमन सैन्यातील साहाय्यक पथकांची ढाल बहुधा लाकडी व लंबगोल होती. तिच्या मध्यावर धातूचा एकच उंचवटा असे व त्यामागे आडवी मूठ धरणारा हात सुरक्षित राही.

नक्षी

कातडी ढालींना काळे रोगण देऊन त्यांवर सोनेरी वेलबुट्टी काढीत. पोलादी ढालींवर सोन्याच्या तारेचे जडावकाम करीत. सूर्य व चंद्रकोर ही चिन्हेही आढळतात.

भाषा व परंपरा

जुन्या मराठीत ‘ढाल’ या शब्दाचा अर्थ सैन्याचे मोठे निशाण असाही होतो. ते वाहणारा हत्ती म्हणजे ‘ढालगज’. मर्दानी खेळांतील फरी-गदक्यात ‘फरी’ ही लहान ढाल आजही वापरली जाते.