पाणी न पिणारं इंजिन: आमच्या ॲपेची गोष्ट आणि थोडा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे अडखळलो ते इथे गाळलंय, बाकी सगळं तसंच आहे.

भागाच्या सुरुवातीला तुम्ही जो आवाज ऐकला, तो ट्रॅक्टरचा नव्हता आणि थ्रेशरचाही नव्हता. ती आमची ॲपे. चार वर्षं अंगणातल्या लिंबाखाली उभी होती. बाबा म्हणाले, भंगारवाला येऊन गेला, दिवाळीनंतर देऊन टाकतो. मी म्हटलं, एकदा चालू करून पाहू, मोबाईलवर आवाज तरी घेऊन ठेवतो. तो आवाज घेताना डोक्यात आलं की या गाडीचा इतिहास कुणी सांगत नाही. किल्ल्यांवर हजार व्हिडिओ आहेत. ज्या गाडीत बसून आपण शाळेत गेलो, तिच्यावर एकही नाही.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात. नाशिकचं मालेगाव नाही, हे मला पुण्यात आठवड्यातून एकदा सांगावं लागतं. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. म्हणजे कलेक्टर ऑफिस, कोर्ट, सगळ्या कामांना लोक अकोल्याऐवजी वाशिमला जायला लागले. एसटी गावात दिवसातून दोनदा यायची. तिसऱ्यांदा कुठे जायचं असेल तर पायी फाट्यावर. आणि नेमकं पुढच्याच वर्षी, 1999 मध्ये, बारामतीच्या कारखान्यातून ॲपे बाहेर पडायला लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण आमच्या भागात त्या एकमेकींना बरोब्बर भेटल्या.

आता थोडं मागे जाऊ, इटलीत.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा पियाजिओ ही विमानं बनवणारी कंपनी होती. युद्ध हरलेल्या देशात विमानं कोण घेणार? मग त्यांचे इंजिनिअर कोर्राडिनो द'आस्कानिओ, जे मुळात हेलिकॉप्टरवर काम करणारे होते, त्यांनी 1946 मध्ये वेस्पा स्कूटर आणली. वेस्पा म्हणजे गांधीलमाशी. 1948 मध्ये तिच्याच मागे दोन चाकं आणि एक हौदा जोडला आणि नाव ठेवलं ॲपे, म्हणजे मधमाशी. एक फिरायला, एक कामाला. दोन्हीची इंजिनं हवेवर थंड होणारी, कारण रेडिएटर, पंप, होज पाइप या सगळ्याला पैसे लागतात आणि लोकांकडे ते नव्हते.

हीच कल्पना आपल्याकडे दोन वाटांनी आली. पहिली वाट बजाजची. 1960 च्या आसपास बजाजने पियाजिओच्या परवान्यावर स्कूटर आणि तीनचाकी बनवायला सुरुवात केली, आणि 1977 मध्ये मागे इंजिन असलेली रिक्षा आणली. शहरातली रिक्षा म्हणून जी तुमच्या डोळ्यासमोर येते, ती बहुतेक तिचीच पुढची पिढी. दुसरी वाट थेट पियाजिओचीच. त्यांनी ग्रीव्ह्जसोबत भागीदारीत बारामतीला कारखाना टाकला आणि तीनचाकीत एक सिलिंडरचं, 400 सीसीच्या आसपासचं डिझेल इंजिन बसवलं. हे इंजिन औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, तयार व्हायचं. इटलीची गाडी, मराठवाड्याचं इंजिन, पश्चिम महाराष्ट्राचा कारखाना आणि विदर्भाचे खड्डे. पूर्ण महाराष्ट्र दर्शन.

जगातही तेव्हा हवेवरच्या इंजिनांची मोठी परंपरा होती. फोक्सवॅगनची बीटल सर्वात प्रसिद्ध. मागे इंजिन, पाणी नाही. 30 जुलै 2003 ला मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे शेवटची बीटल निघाली, तोवर 2 कोटी 15 लाखांहून जास्त झाल्या होत्या. तिची भावंडं असलेली व्हॅन ब्राझीलमध्ये 2005 पर्यंत हवेवरच्याच इंजिनाने बनत होती. परदेशात लोक या गाड्या जपतात, त्यांचे मेळे भरवतात. आमच्याकडे तीच विद्या होती, फक्त ती मिस्त्रीच्या टपरीत होती.

बाबांनी 2004 मध्ये सेकंडहँड ॲपे घेतली. मालेगाव, शिरपूर, रिसोड हा रस्ता. कागदावर तीन प्रवासी. प्रत्यक्षात किती, ते तुम्ही पाहिलंच असेल. मागे सहा, पुढे बाबांच्या दोन्ही बाजूंना एकेक, टपावर सोयाबीनचं पोतं. हे बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण दवाखान्यात जायचं, बारावीचा फॉर्म भरायचा, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराकडे पाहुणे न्यायचे, सगळं त्यातच व्हायचं.

आणि ती पाणी मागत नव्हती. हे वाशिमला किती महत्त्वाचं आहे ते बघा. आमचा जिल्हा उंचवट्यावर. काटेपूर्णा इथून निघते आणि तिचं पाणी पूर्णेतून तापीकडे जातं. पैनगंगेचं पाणी गोदावरीकडे जातं. म्हणजे आम्ही दोन्हीकडे पाणी पाठवतो आणि मे महिन्यात स्वतः टँकरची वाट पाहतो. तेव्हाच्या जुन्या जीपा घाटात तापल्या की ड्रायव्हर डबकी घेऊन पाणी शोधायचा. बाबा बाजूने हात करून निघून जायचे.

आता माझी चूक सांगतो. हा भाग रेकॉर्ड करताना बाबा बाजूलाच बसले होते, म्हणून खोटं बोलता आलं नाही.

2016 ची गोष्ट. मी बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो. गाडी तापत होती, चढावर दम तोडत होती. मी इंजिन पाहिलं. सिलिंडरभोवती पत्र्याचं एक झाकण असतं. मी म्हटलं, बाबा, हे काढून टाका. इंजिन मोकळं राहिलं की जास्त हवा लागेल. नुकतंच थर्मोडायनॅमिक्स पास झालो होतो. बाबांनी विचारलं, "पक्कं ना?" मी म्हटलं, पक्कं.

तिसऱ्या दिवशी शिरपूरच्या पुढे इंजिन जाम झालं. पिस्टन सिलिंडरला धरून बसला. प्रवासी उतरून चालत गेले, आम्ही दुसऱ्या ॲपेला दोर बांधून गाडी ओढत मालेगावला आणली.

मिस्त्रीकाकांनी हेड उघडलं, बोअरवरचे ओरखडे पाहिले आणि विचारलं, "पत्रा कोनं काढला बे?"

मी हात वर केला.

"हवा का आपोआप येते का बाप्पा? तिले रस्ता दाखवा लागते."

मग त्यांनी नीट समजावलं. फ्लायव्हीलवर पंख्याची पाती असतात. ती हवा ओढतात. पत्र्याचं झाकण ती हवा कोंडून थेट सिलिंडरच्या पापुद्र्यांमधून ढकलतं. झाकण काढलं की हवा सोपा रस्ता पकडते, बाहेर निघून जाते, आणि सिलिंडरची मागची बाजू भाजत राहते. नंतर मी हिशोब केला: एक लिटर पाणी जेवढी उष्णता उचलतं तेवढी उचलायला साधारण साडेतीन हजार लिटर हवा लागते. म्हणून इथे एक श्वासही वाया घालवून चालत नाही. आणि गाडी मुळात तापत का होती? पापुद्र्यांमध्ये तेलात भिजलेला सोयाबीनचा भुसा बसला होता. रॉकेल आणि ब्रशने अर्ध्या तासाचं काम होतं.

नवीन बोअर-पिस्टन, रिंगा, गॅस्केट, मजुरी मिळून नऊ हजार गेले. ते माझ्या पुढच्या सेमिस्टरच्या फीमधले होते. बाबांनी एका ओळखीच्याकडून उसने घेतले आणि मला एवढंच म्हणाले, "आता तूच बसव तिच्यासंग." मी आठ दिवस टपरीत बसलो. टॅपेटची फट फिलर गेजने मोजायला शिकलो, डिझेल लाइनमधली एअर काढायला शिकलो, सेल्फ गेला तर पुलीला दोरी गुंडाळून इंजिन कसं ओढायचं ते शिकलो. आज ऑफिसात एखादा बग सापडत नसला, तर मी आधी विचारतो की आपण कुठला पत्रा काढून टाकलाय का.

या इंजिनांचं पुढे काय झालं? ती वाईट होती म्हणून गेली असं नाही, पण धूर हे खरं कारण होतं आणि ते मान्य करायला हवं. शाळेत पोचेपर्यंत आमचे पांढरे शर्ट करडे व्हायचे. हवेवरच्या इंजिनाचं तापमान ऊन, चढ, ओझं यांप्रमाणे वर-खाली होतं, आणि धूर आटोक्यात ठेवायचा तर तापमान एका जागी धरून ठेवावं लागतं. ते पाणी चांगलं करतं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि डिझेल ॲपेमध्येही मोठं, पाण्यावर थंड होणारं इंजिन आलं. आता तर मालेगावच्या स्टँडवर इलेक्ट्रिक ऑटो उभे असतात. त्यांचा आवाजच येत नाही.

मिस्त्रीकाकांची टपरी आहे अजून. ते आता जास्त करून पंक्चर काढतात. नव्या गाडीला लॅपटॉप लावावा लागतो, म्हणतात. त्यांच्या हातात वीस-पंचवीस वर्षांचं ज्ञान आहे, आणि ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही: कुठल्या आवाजाला रिंग गेली, कुठल्या आवाजाला नोझल, उभ्या गाडीच्या झाकणात उंदीर घर करतो म्हणून आधी तिथे पाहायचं.

खरंच होतं घर. दिवाळीत आम्ही पत्रा काढला तर आत कापूस, चिंध्या आणि माझ्या जुन्या वहीचा कागद. सगळं साफ केलं, पत्रा परत बसवला, चारही बोल्ट मी स्वतः आवळले. बाबांनी दोनदा तपासले. तिसऱ्या दोरीला गाडी लागली. तोच आवाज तुम्ही ऐकला.

भंगारवाल्याला अजून फोन केलेला नाही. बाबा म्हणतात, पाहू उन्हाळ्यात.

एक काम तुमच्यासाठी. तुमच्या गावातल्या मिस्त्रीकडे जा, मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा की त्यांनी पहिलं इंजिन कुठलं उघडलं होतं. दोन मिनिटांचा व्हॉइस नोट पाठवा. चांगले पाच-सहा जमले की पुढच्या एका भागात ते त्यांच्याच आवाजात ऐकू. भेटू पुढच्या रविवारी!