भाडेकरूची पारख : ओळखीकडून करारनाम्याकडे

घर भाड्याने देणारा मनुष्य येणाऱ्याला कोणते प्रश्न विचारतो, यावरून त्या शहराचा सामाजिक इतिहास बराचसा वाचता येतो, असे आम्हांस वाटते. मुंबई हे याचे ठळक उदाहरण होय.

गिरण्यांच्या आधाराने वाढलेल्या मुंबईत जागा थोड्या आणि माणसे फार अशी स्थिती होती. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, शहराच्या सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे त्याच्या चाळीही उभ्या राहिल्या. पण बहुसंख्य कामगारांना खाजगी मालकाच्याच दारी जावे लागे. पगाराचा दाखला नाही, कायमचा पत्ता नाही, अशा परक्या माणसाची हमी कोणी द्यायची? गाववाला, नातलग, जातभाई किंवा गिरणीतला जॉबर यांनी शब्द टाकावा, ही त्या काळची रीत. ज्याच्याकडे कागद नाही त्याची पारख माणसांवरूनच व्हायची. या व्यवहारात काही एक शहाणपण होते, हे नाकारता येत नाही.

मात्र या रीतीची दुसरी बाजू मुंबईबाहेरच्या एका प्रसंगात उघडी पडते. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. परदेशातील उच्च शिक्षण, संस्थानातील हुद्दा, नियमित वेतन असे सर्व काही त्यांच्यापाशी होते. तरीही त्यांना जात लपवून पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि तेथूनही त्यांना हुसकावून लावण्यात आले. हा अनुभव त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. प्रश्न केवळ भाड्याच्या हमीचा असता, तर त्यांच्याइतका भरवशाचा भाडेकरू बडोद्यात दुसरा कोण होता?

स्वातंत्र्यानंतर कायद्याने पारखीचे स्वरूपच पालटले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली आणि ठरावीक कारणांवाचून भाडेकरूला काढणे अशक्य झाले. भाडेकरूंना त्यातून मोठे संरक्षण मिळाले. पण एकदा आत आलेला मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या राहणार म्हटल्यावर मालक सोयरीक जुळवावी तशी चौकशी करू लागला. शिवाय कायद्याने निषिद्ध असलेली पागडीही घेऊ लागला. यातून सुटण्यासाठी अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' कराराची वाट निघाली. परंतु १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही कायद्यातील दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्यानंतर घर रिकामे ठेवू, पण परक्याला देणार नाही, ही वृत्ती बळावली.

३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले. नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. त्याने ती टाळल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. उलट परवान्याची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत ताबा घेता येतो आणि तोवर दुप्पट दराने भरपाई मागता येते.

म्हणजे आता निवड चुकली तरी ती निस्तरता येते. वेतनाचा पुरावा, आधीच्या घरमालकाचे मत, अनामत रक्कम, नोंदणीकृत करार, पोलीस ठाण्यात दिलेली माहिती एवढ्यावर विश्वासार्हता पुरेशी पारखता येते. तरीही आडनाव, धर्म आणि स्वयंपाकघरात काय शिजते हे प्रश्न उंबरठ्यावर उभेच आहेत.

हमीची गरज आणि पूर्वग्रह या दोन वेगळ्या गोष्टी दीर्घकाळ 'ओळख' या एकाच नावाने वावरत आल्या. पैकी पहिलीची सोय कायद्याने आणि कागदाने केली आहे. आडनाव विचारणाऱ्याला आता हमीची सबब पुढे करता येणार नाही.