लोथलचे साक्षीदार आणि अंटार्क्टिकाचे अनोळखी

लोथल येथील विटांची प्रचंड आयताकृती वास्तू ही हडप्पाकालीन गोदी होती, असे तिचे उत्खनक एस. आर. राव यांचे मत. लॉरेन्स लेश्निक यांना मात्र तो सिंचनाचा तलाव वाटला. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे राजीव निगम यांनी त्या वास्तूतील गाळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार गाळात फोरामिनिफेरा या सागरी एकपेशीय जीवांची कवचे होती. गोड्या पाण्याच्या तलावात ती आली कुठून? पारडे गोदीच्या बाजूने झुकले.

परंतु साक्ष दिली ती कवचांनी. ज्या जीवांनी टिकाऊ कवच बांधलेच नाही, त्यांचे काय?

ब्रिटिश जहाज ‘चॅलेंजर’ने फेब्रुवारी १८७४ मध्ये अंटार्क्टिक वृत्त ओलांडले. त्या मोहिमेत जगभरच्या समुद्रांतून गोळा झालेल्या फोरामिनिफेरांवर हेन्री ब्रेडी यांनी १८८४ मध्ये ११५ चित्रफलकांचा ग्रंथ सिद्ध केला. अभ्यासक आजही तो उघडतात. मात्र गाळ धुवायचा, चाळायचा, वाळवायचा आणि उरलेली कवचे वेचायची, ही जुनी रीत मऊ आवरणाच्या जीवांना मारक होती. ते चाळणीतच संपत. त्यातून ध्रुवीय पाणी थंड. त्यात कर्बवायू अधिक मुरतो आणि चुन्याची कवचेही विरघळू शकतात.

पुढे पाणबुडे बर्फाखाली उतरले. मॅकमर्डो साउंडमधील ‘नोटोडेन्ड्रोडीस अंटार्क्टिकॉस’चे वर्णन १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. काही सेंटीमीटर उंचीचे, गाळात मुळे आणि वर फांद्या असलेले जणू एक झाडच. आणि हे सारे एकाच पेशीचे! त्यानंतर डीएनए तपासणी आली. यान पाव्हलोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, साध्या पिशवीसारख्या दिसणाऱ्या या जीवांत अनेक स्वतंत्र वंश दडलेले आहेत. किंग जॉर्ज बेटाजवळच्या ‘सॅमोफागा मॅग्नेटिका’चे नामकरण तर २०११ मधले. हा जीव गाळातून चुंबकीय खनिजाचे कण निवडून पोटात साठवतो. ब्रेडींच्या ग्रंथानंतर सव्वाशे वर्षांनी त्याला नाव मिळाले.

६ डिसेंबर १९८१ रोजी भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम मुरगाव बंदरातूनच निघाली होती. त्याच बंदराशेजारी, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात, आज दक्षिण महासागराच्या गाळाचा अभ्यास चालतो. गाळातील कवचांवरून प्राचीन समुद्राचे तापमान अजमावता येते. मऊ आवरणाच्या जीवांची नोंद मात्र त्या गाळात क्वचितच उरते.