वायफाय राउटर, घरगुती : सेटिंग्ज आणि सुरक्षा

घरापर्यंत आलेले एकच इंटरनेट कनेक्शन फोन, संगणक, टीव्ही, कॅमेरे अशा अनेक उपकरणांना रेडिओलहरींमार्फत वाटून देणारे यंत्र. भारतात फायबरच्या जोडणीत फायबरचे टोक आणि राउटर बहुधा एकाच पेटीत असतात; तिला ओएनटी म्हणतात. बसवायला आलेला माणूस नाव आणि पासवर्ड घालतो, फोनवर एखादा व्हिडिओ चालवून दाखवतो आणि जातो. पुढे वर्षानुवर्षे त्या पेटीच्या आत कोणी डोकावत नाही. कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्याच हाती तिच्या किल्ल्या असल्या पाहिजेत, हा या विषयाचा गाभा आहे. सेटिंग्जच्या यादीत शेकडो नोंदी दिसल्या, तरी घरच्या वापरात हात घालण्याजोग्या पाच-सहाच असतात. बाकीच्या आहेत तशा ठेवाव्यात.

वायफायला जागा मिळाली ती १९८५ मध्ये. त्या साली अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने काही रेडिओपट्टे विनापरवाना वापरासाठी खुले केले. ८०२.११ हे पहिले मानक १९९७ मध्ये आले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये विनापरवाना झाला आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये. विनापरवाना म्हणजे त्या लहरींवर कोणाचाच खास हक्क नाही. शेजाऱ्याचा राउटर आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह यांनाही तितकीच मुभा आहे. वायफायच्या अनेक तक्रारींचे मूळ इथे सापडते.

प्रवेश : राउटरच्या सेटिंग्ज ब्राउझरमधून उघडतात. फोन किंवा संगणक त्याच राउटरला जोडून पत्त्याच्या जागी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा आकडा घालायचा (टाइप करताना अंक इंग्रजी हवेत). नेमका पत्ता आणि पहिला पासवर्ड पेटीच्या तळाच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या गटांतले आहेत, त्यामुळे लाखो घरांत तेच आढळतात. बाहेरच्या जगाला घराचा एकच पत्ता दिसतो. मोठ्या सोसायटीत टपाल गेटवर येते आणि तिथून ज्याच्या त्याच्या दारी जाते, तसे राउटर आलेले उत्तर मागणाऱ्या उपकरणाकडे पोचवतो.

इथे एक घोळ हमखास होतो. पासवर्ड दोन असतात. एक वायफायचा, जो पाहुण्यांना सांगितला जातो. दुसरा अ‍ॅडमिनचा, ज्याने सेटिंग्ज उघडतात. वायफायचा पासवर्ड बदलून लोक निश्चिंत होतात आणि अ‍ॅडमिनचा 'अ‍ॅडमिन' तसाच राहतो. मग वायफाय वापरणारा कोणीही आत शिरून डीएनएसचा पत्ता बदलू शकतो. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणे हे डीएनएसचे काम. तेच परक्याच्या हाती गेले, की बँकेचे नाव अचूक टाइप करूनही बनावट पानावर जाण्याचा धोका उभा राहतो. ब्राउझरने प्रमाणपत्राचा इशारा दिला तर तिथेच थांबावे. कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदलल्याचा सर्वांत मोठा धडा २०१६ मध्ये मिळाला. मिराई नावाचा घातक प्रोग्राम साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून पाहत कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेत सुटला. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांच्या फौजेने डाइन या डीएनएस कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. त्या उपकरणांच्या मालकांना याची गंधवार्ताही नव्हती. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देऊन अशी उपकरणे विकण्यास कायद्याने बंदी केली. असा कायदा नसेल तिथे हे काम घरच्याच माणसाने करायचे आहे, आणि ते सर्वांत आधी करायचे आहे.

वायफायचे नाव : या नावाची कमाल लांबी ३२ बाइट. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, यांतले प्रत्येक तीन बाइट घेते. 'घरचं वायफाय' एवढ्यातच ३१ बाइट संपतात. काही जुनी उपकरणे देवनागरी नाव नीट दाखवत नाहीत, पण नव्या फोनांना अडचण येत नाही. नावात आडनाव किंवा फ्लॅट क्रमांक घालू नये. ते जिन्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाला वाचता येते. नाव लपवण्याची सोयही असते, मात्र साध्या मोफत प्रोग्रामनेही लपलेले नाव सापडते. त्यावर भिस्त ठेवू नये.

संरक्षण आणि पासवर्ड : १९९७ ची डब्ल्यूईपी ही पद्धत २००१ मध्येच फोडली गेली. २००३ मध्ये तात्पुरता उपाय म्हणून डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आली. आज डब्ल्यूपीए३ निवडावी. घरात जुने फोन असतील तर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ ची मिश्र पद्धत. याच पानावर एईएस आणि टीकेआयपी असे पर्याय दिसले तर एईएसच घ्यावा. टीकेआयपी निवडल्यास २००९ आणि त्यानंतरच्या मानकांचा वेग मिळत नाही आणि जोडणी ५४ मेगाबिटच्या वर जात नाही. शंभर मेगाबिटचे पैसे भरूनही नेट रांगते, याचे कारण कधीकधी या एका ओळीत असते.

पासवर्ड ८ ते ६३ चिन्हांचा आणि इंग्रजी कळफलकावरचा लागतो. बसवणारे अनेकदा ग्राहकाचा मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवतात. लक्षात राहतो, हे खरे. पण भारतातला मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. डब्ल्यूपीए२ मध्ये एखादे उपकरण जोडले जात असताना होणारी देवाणघेवाण जिन्यात बसून टिपता येते, आणि मग घरी नेऊन निवांत अंदाज लावता येतात. चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो अंदाज तपासते, तेव्हा ४०० कोटी हे काही तासांचे काम. चार असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, म्हणजे ताक, रिक्षा, गुडघा, नोव्हेंबर अशा धर्तीवर, तर ते आजीलाही लक्षात राहतात आणि फोडायला कितीतरी कठीण जातात. डब्ल्यूपीए३ मध्ये टिपलेल्या देवाणघेवाणीवरून असे अंदाज लावता येत नाहीत. तिचा खरा फायदा हाच.

डब्ल्यूपीएस बंद ठेवावे. बटण दाबून किंवा आठ अंकी पिन घालून उपकरण जोडण्याची ही सोय. आठ अंक म्हणजे दहा कोटी शक्यता वाटतात. प्रत्यक्षात राउटर पहिले चार अंक वेगळे तपासतो आणि ते बरोबर आहेत की चूक ते लगेच सांगतो. तिथे १०,००० शक्यता. उरलेल्या चारांतला शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून ठरणारा तपासणी-अंक असतो, म्हणून तिथे १,०००. एकूण ११,०००. ही त्रुटी डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाली. त्यानंतरच्या अनेक राउटरांत चुकीचे प्रयत्न मोजून अडवण्याची व्यवस्था आली, तरी पिनची पद्धत चालू ठेवण्यात घरचा काही लाभ नाही.

उघड्या वायफायची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या बाँबस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना जो ई-मेल आला, त्याचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका रहिवाशाच्या कनेक्शनपर्यंत पोचला. त्याच्या वायफायचा गैरवापर झाला होता. त्याच वर्षी दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा मेल चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायफायवरून गेला. २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय जाळी शोधायची मोहीम हाती घेतली. सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या नोंदीत मेल कोणी पाठवला ते नसते, कनेक्शन कोणाचे ते असते. तपास पहिल्यांदा त्याच दारात येतो.

पट्टा, चॅनल आणि जागा : २.४ गिगाहर्ट्झची रेंज लांब जाते, वेग कमी मिळतो. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण भिंती त्याला लवकर अडवतात. काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये दोन खोल्यांपलीकडे आणि कोकण-गोव्यातल्या जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात कधी पहिल्याच भिंतीपलीकडे तो क्षीण होतो. राउटर लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागे किंवा दाराजवळच्या विजेच्या खोक्यात बसवण्याची पद्धत वायर लपवण्यापुरती सोयीची, लहरींसाठी वाईट. घराच्या मध्यावर, खांद्याच्या उंचीला, उघड्यावर ठेवला तर सेटिंग न बदलता फरक पडतो. फायबरची वायर त्यासाठी थोडी लांब ओढून घ्यावी लागते. बसवणारा कुरकुरला तरी तेवढा आग्रह धरावा.

भारतात २.४ गिगाहर्ट्झमध्ये १३ चॅनल मिळतात, पण ती पाच-पाच मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत आणि प्रत्येक जोडणी सुमारे वीस मेगाहर्ट्झ जागा व्यापते. म्हणून एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच : १, ६ आणि ११. शेजारी ६ वर असेल म्हणून ४ किंवा ८ निवडणे हा दिसायला सुज्ञ पण चुकीचा उपाय आहे. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचे बोलणे ओळखतात आणि आळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनलवरचे बोलणे त्यांना नुसता गोंगाट म्हणून ऐकू येते. याच पट्ट्यात रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ ठेवावी, विशेषतः मुंबई-पुण्याच्या दाट इमारतींत. ५ गिगाहर्ट्झमध्ये ३६ ते ४८ आणि १४९ च्या पुढची चॅनल निर्धोक. मधली बरीच चॅनल रडारसोबत वाटून घेतलेली आहेत. रडारचा संकेत लागताच राउटरला ती सोडावी लागतात आणि जोडणी तेवढ्यापुरती गायब होते. स्मार्ट प्लग, स्वस्त कॅमेरे अशी बरीच उपकरणे फक्त २.४ वर चालतात. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असताना ती जोडली जात नसतील, तर नावे काही वेळ वेगळी करावीत.

कनेक्शनच्या सेटिंग्ज : इथे जपून. पीपीपीओईचे युजरनेम, त्याचा पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक कंपनीने दिलेले असतात. ते बदलून वेग वाढत नाही, नेट मात्र जाते. काही केबलवाले कनेक्शन एका ठरावीक राउटरच्या मॅक पत्त्याला, म्हणजे यंत्राच्या ओळख-क्रमांकाला, बांधून ठेवतात. नवा राउटर लावला आणि सगळे बरोबर असूनही नेट आले नाही, तर मॅक सोडवायला फोन करावा किंवा नव्या राउटरमध्ये जुन्याचा मॅक पत्ता घालावा. ओएनटीवर लाल दिवा लागला असेल, तर फायबर तुटले आहे किंवा निघाले आहे. त्या वेळी सेटिंग्जमध्ये शिरण्यात अर्थ नाही.

घरच्या कॅमेऱ्याला बाहेरून जोडायला पोर्ट उघडण्याचे सल्ले सर्रास दिले जातात. अनेक भारतीय कंपन्या कित्येक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या गटातला दिसला, तर उघडलेले पोर्ट कामी येणार नाही हे आधीच समजावे. एरवीही पोर्ट उघडणे टाळावे. यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) आणि बाहेरून अ‍ॅडमिन पान उघडण्याची मुभा, दोन्ही बंद ठेवावीत. पाहुणे आणि स्मार्ट उपकरणे यांच्यासाठी वेगळे अतिथी-वायफाय चालू करणे ही त्या मानाने कमी वापरली जाणारी, पण फार उपयोगी सोय. स्वस्त कॅमेऱ्यात शिरलेला परका तिथून घरच्या संगणकापर्यंत सहसा पोचत नाही.

फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारा आतला प्रोग्राम, अद्ययावत ठेवावे. कंपनीच्या ओएनटीचे बहुधा दूरून बदलले जाते, स्वतः विकत घेतलेल्याचे स्वतः पाहावे लागते. मे २०१८ मध्ये उघड झालेल्या व्हीपीएनफिल्टर या घातक प्रोग्रामने ५४ देशांतील किमान पाच लाख उपकरणे ग्रासली होती, आणि एफबीआयने लोकांना राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याचे आवाहन केले होते.

रीसेट : मागच्या बारीक छिद्रात टाचणी दहा-पंधरा सेकंद दाबली, की राउटर कारखान्याच्या स्थितीत जातो. पासवर्ड विसरल्यावर हा उपाय चटकन सुचतो, पण त्यासोबत पीपीपीओई आणि व्हीलॅनच्या नोंदीही पुसल्या जातात, आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत घर नेटशिवाय राहते. म्हणून टाचणी उचलण्याआधी त्या नोंदी हाती असाव्यात. बॅकअपची फाइल राउटरच्या पानावरून उतरवून ठेवता येते. युजरनेम, व्हीलॅन आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड वीजबिलांच्या फायलीत कागदावर लिहून ठेवला तरी पुरतो. जुना राउटर भंगारात किंवा दुसऱ्याला देताना मात्र रीसेट न चुकता करावा, कारण घरच्या वायफायचे नाव आणि पासवर्ड वीज बंद असतानाही त्याच्या आत जसेच्या तसे राहतात.