तीन वाजायच्या आत

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१. कलम ३७. उमेदवाराला माघार घ्यायची असेल तर त्याच्या सहीची लेखी सूचना ठरलेल्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पडली पाहिजे. एकदा ती दिली की परत घेता येत नाही. पक्षाध्यक्षानं विनवलं, उमेदवारानं स्वतः पश्चात्ताप केला, तरी नाही.

४ नोव्हेंबर २०२४ ला, सोमवारी, कोल्हापूर उत्तर विधानसभा मतदारसंघात ही वेळ आली. काँग्रेसच्या अधिकृत उमेदवार मधुरिमाराजे छत्रपती यांनी तीनला काही मिनिटं उरली असताना माघार घेतली आणि मतदान यंत्रावरून हाताचा पंजा गेला. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, कसबा बावडा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या पंजावर शिक्का मारणारी, नंतर बटण दाबणारी घरं आहेत. त्यांना त्या निवडणुकीत आपलं चिन्हच मिळालं नाही.

चर्चा झाली ती त्या शेवटच्या काही मिनिटांची. चित्रफिती सगळ्यांनी पाहिल्या. पण घात नऊ दिवस चालला होता, आणि त्याची सुरुवात विधानसभेच्या नव्हे, महापालिकेच्या राजकारणात होती.

२६ ऑक्टोबर, शनिवार, रात्र

काँग्रेसच्या यादीत कोल्हापूर उत्तरसाठी माजी नगरसेवक राजेश लाटकर यांचं नाव आलं. लाटकर महापालिकेच्या राजकारणात मुरलेले. पत्नी सूरमंजिरी लाटकर शहराच्या महापौर होत्या. राजघराणं नाही, कारखाना नाही, शिक्षणसंस्था नाही. या जिल्ह्यात आमदारकीच्या तिकिटासाठी यातलं काहीतरी हाताशी लागतं, असं सगळेच धरून चालतात. त्यामुळे अशा माणसाला उमेदवारी मिळणं ही मोठी गोष्ट होती.

त्याच रात्री काँग्रेस कमिटीच्या कार्यालयावर दगड पडले.

२७ ऑक्टोबर, रविवार

उमेदवार बदला, असं पत्र पक्षाच्या २६ माजी नगरसेवकांनी सतेज पाटील यांना दिलं. पाटील म्हणजे विधान परिषदेतले काँग्रेसचे गटनेते आणि जिल्ह्यात पक्षाचा कणा. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या दहापैकी चार जागा काँग्रेसनं जिंकल्या, २०२४ च्या जूनमध्ये शाहू महाराज छत्रपती १ लाख ५४ हजार ९६४ मतांनी खासदार झाले, ऑक्टोबरच्या सुरुवातीला राहुल गांधी बावड्यात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले. या सगळ्यामागची मांडणी बहुतांशी त्यांचीच.

या पत्रापाशी थोडं थांबायला हवं. सह्या करणाऱ्या प्रत्येकाच्या नावामागे ‘माजी’ होतं, आणि ते कुणाच्या पराभवामुळे लागलेलं नव्हतं. कोल्हापूर महापालिकेची त्याआधीची शेवटची निवडणूक १ नोव्हेंबर २०१५ ला झाली, निकाल दुसऱ्या दिवशी. ८१ जागांपैकी काँग्रेस २७, राष्ट्रवादी १५. दोघांचे मिळून ४२, म्हणजे काठावरचं बहुमत. ताराराणी आघाडी आणि भाजप मिळून ३२. त्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. निलोफर आजरेकर त्यातल्या शेवटच्या महापौर. त्यानंतर प्रशासक. आधी कोरोना, मग प्रभागरचना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, अशी एकेक वर्षं गेली. गल्लीतलं गटार तुंबलं, पाणी आलं नाही, दिव्याचा खांब पडला, तर लोक याच माजी नगरसेवकांच्या दारात जात होते. त्यांच्या हातात ना सभागृह होतं, ना निधी, ना आयुक्तांना जाब विचारायचा अधिकार. चार वर्षं कोंडलेल्या या माणसांना आपलं वजन दाखवायला एकच जागा उरली होती, ती म्हणजे आमदारकीचं तिकीट. महापालिका वेळेवर झाली असती तर हे हेवेदावे स्थायी समितीत आणि प्रभागाच्या तिकिटांत जिरले असते, असं मला ठामपणे वाटतं. ते जिरले नाहीत म्हणून उत्तरच्या तिकिटावर येऊन आदळले.

२८ ऑक्टोबर, सोमवार

उमेदवार बदलला. लाटकरांच्या जागी मधुरिमाराजे. खासदार शाहू महाराजांच्या सूनबाई, माजी आमदार मालोजीराजे यांच्या पत्नी, माजी मंत्री दिग्विजय खानविलकर यांच्या कन्या. कागदावर याहून भक्कम नाव शहरात सापडणं कठीण. पाच महिन्यांपूर्वीच याच शहरानं महाराजांना डोक्यावर घेतलं होतं.

पण लाटकरांकडे दोन दिवस उमेदवारी होती. घरी माणसांची रीघ लागली, हार पडले, गुलालाची तयारी झाली, आणि मग हातातलं ताट काढून घेतलं गेलं. मूळ चूक इथे झाली, असं माझं मत आहे. लाटकर चालणार नव्हते तर यादी निघायच्या आधी शंभर वेळा विचार करता आला असता. दगड पडल्यावर नाव बदललं, तेव्हा दगड मारणाऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं आणि निष्ठेनं थांबलेल्या कार्यकर्त्याचं खोटं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार, दुपारी ३ : उरले १४४ तास

अर्ज भरण्याची मुदत संपली. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं अधिकृत उमेदवारीपत्र, देण्याचीही. यापुढे उत्तरमध्ये काँग्रेसचा पंजा ज्यांच्या नावावर होता त्या एकट्या मधुरिमाराजे. लाटकरांचा अर्ज अपक्ष म्हणून दाखल होता.

पक्षचिन्हाचा नियम इथे निर्दय आहे. एबी फॉर्म या वेळेनंतर दुसऱ्याच्या नावे देता येत नाही. पर्यायी उमेदवाराची तरतूद कायद्यात आहे, पण या मतदारसंघात ती कामी आली नाही. म्हणजे मंगळवारी तीन वाजल्यापासून अख्ख्या पक्षाचं चिन्ह एका सहीवर लटकत होतं. त्या सहा दिवसांत ही गोष्ट कुणाच्या मनात किती वेळा आली असेल?

३० आणि ३१ ऑक्टोबर

बुधवारी छाननी झाली. दोन्ही अर्ज वैध.

गुरुवारी वेगळाच धक्का बसला. मावळत्या आमदार जयश्री जाधव एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेल्या. त्यांचे पती चंद्रकांत जाधव २०१९ मध्ये इथूनच काँग्रेसचे आमदार झाले होते, २ डिसेंबर २०२१ ला त्यांचं निधन झालं. एप्रिल २०२२ च्या पोटनिवडणुकीत भाजपचे सत्यजित कदम यांना अठरा हजारांहून अधिक मतांनी हरवून जयश्रीताई निवडून आल्या. विद्यमान आमदार गेल्या, लाटकर रुसलेले, आणि समोर त्याच शिवसेनेचे राजेश क्षीरसागर. २००९ मध्ये मालोजीराजेंना आणि २०१४ मध्ये कदमांना पाडलेले, २०१९ ची हार न विसरलेले.

१ ते ३ नोव्हेंबर : दिवाळी

कायद्याप्रमाणे माघारीचा शेवटचा दिवस छाननीनंतरचा दुसरा दिवस असतो, आणि त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असेल तर पुढचा कामाचा दिवस. १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं, दुसऱ्या दिवशी पाडवा, तिसरा रविवार आणि भाऊबीज. म्हणून मुदत सोमवारवर गेली. सुट्ट्या नसत्या तर शुक्रवारी तीन वाजताच सोक्षमोक्ष लागला असता. दिवाळीनं रदबदलीला तीन दिवस जास्त दिले. समजूत काढायला ते पुरायला हवे होते, पण प्रत्यक्षात मनं अधिक ताठर झाली.

इंग्लंडमध्ये बरो कौन्सिलच्या निवडणुकीला वेगळा नियम आहे. तिथे अर्ज भरण्याची मुदत आणि माघारीची मुदत एकाच क्षणी संपते, मतदानाच्या १९ कामकाजी दिवस आधी, दुपारी चारला. चार वाजून गेले की जो आहे तो आहे. अर्ज पाहून मग कुणाला बसवायचं, कुणाला उठवायचं, याला तिथे जागाच नाही. आपल्याकडे मात्र याच मोकळ्या दिवसांत सगळं घडतं. त्याच वर्षी २९ एप्रिलला इंदूरचे काँग्रेस उमेदवार अक्षय कांती बम यांनी शेवटच्या दिवशी माघार घेतली आणि इंदूरकरांनी ‘नोटा’ला २ लाख १८ हजार ६७४ मतं टाकून आपला राग नोंदवला. पक्षासमोर हे उदाहरण सहा महिन्यांपूर्वीचंच होतं.

४ नोव्हेंबर, सोमवार, सकाळ

एकच प्रश्न : लाटकर माघार घेणार का? निरोपांवर निरोप गेले, मध्यस्थ धावले. लाटकर ऐकेनात. त्यांच्या जागी कुणीही असता तर ऐकलं असतं का, हे स्वतःला विचारून पाहावं. आठवड्यापूर्वी तुझ्यावर विश्वास आहे म्हणणाराच आता बाजूला हो म्हणत होता.

दुपार, अडीचच्या पुढे

बंडखोर माघार घेईल म्हणून सगळ्यांचे डोळे एका दाराकडे लागलेले, आणि हालचाल झाली दुसऱ्याच दारात. शाहू महाराज, मालोजीराजे, मधुरिमाराजे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात आले. अधिकृत उमेदवारच माघार घेणार आहेत हे सतेज पाटलांना कळलं तेव्हा त्यांचा तोल गेला. दम नव्हता तर उभंच राहायचं नव्हतं, आपल्याला तोंडघशी पाडलं, अशा अर्थाचं ते भर गर्दीत बोलले. समोर महाराज. कोल्हापुरात गादीपुढे कुणी इतक्या चढ्या आवाजात बोलल्याचं लोकांनी पाहिलं नव्हतं. अनेकांना तो आवाज खटकला. मला त्यात उद्धटपणा दिसला नाही. ज्याच्या भरवशावर सगळा डाव मांडला, तोच उठून गेल्यावर माणूस असाच ओरडतो.

सही झाली.

दुपारी ३

मुदत संपली. कलम ३७. परतीचा रस्ता बंद.

सामान्य कार्यकर्त्याचं मन दुखवून लढायचं नाही, अशी भूमिका छत्रपती घराण्याकडून मांडली गेली. त्या भूमिकेचा मी आदर करतो. पण ती २८ ऑक्टोबरला घेतली असती तर लाटकर पंजावर लढले असते. ४ नोव्हेंबरला घेतल्यामुळे कार्यकर्त्याला न्याय मिळाला नाही, आणि मतदाराचं चिन्हही गेलं.

संध्याकाळ

कार्यकर्त्यांसमोर बोलताना सतेज पाटील रडले. विरोधकांनी त्यावर बरंच तोंडसुख घेतलं. समोर बसलेल्या पोरांचेही डोळे भरले होते. त्यातल्या कित्येकांनी भाऊबीज सोडून पत्रकं वाटली होती, मधुरिमाराजेंच्या नावाची.

त्यानंतरचे १५ दिवस

काँग्रेसनं लाटकरांना पाठिंबा दिला. दहा दिवसांपूर्वी ज्यांना तिकीट दिलं, आठ दिवसांपूर्वी ज्यांचं काढून घेतलं, त्यांनाच. चिन्ह मिळालं प्रेशर कुकर. ज्यांना बदला म्हणून पत्र लिहिलं त्यांच्याच प्रचाराला त्या माजी नगरसेवकांना निघावं लागलं. म्हाताऱ्या माणसाला दारात उभं राहून सांगायचं, की आजी, या खेपेला पंजा नाही, कुकर बघा. प्रचाराचे मोजके दिवस आणि त्यातले अर्धे चिन्ह समजावण्यात गेले.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मतदान बुधवारी, २० ला झालं. शनिवारी सकाळी आठला टपाली मतांपासून मोजणी सुरू झाली. दुपारपर्यंत चित्र स्पष्ट होतं. क्षीरसागर १ लाख ११ हजार ८५, लाटकर ८१ हजार ५२२. फरक २९ हजार ५६३. नवख्या चिन्हावर, रिकाम्या हातानं लढून ८१ हजार मतं घेणारा माणूस कमजोर उमेदवार होता, असं कुणी म्हणू नये.

शेजारच्या दक्षिणमध्ये काँग्रेसचे ऋतुराज पाटील १७ हजार ६३० मतांनी पडले. करवीरमध्ये माजी आमदार पी. एन. पाटलांचे चिरंजीव, काँग्रेसचेच राहुल पाटील अवघ्या १ हजार ९७६ मतांनी. राज्यभर वारं महायुतीचं होतं, त्यामुळे सगळा दोष उत्तरच्या त्या दुपारवर टाकता येणार नाही. पण करवीरच्या त्या दोन हजारांपुढे प्रश्न उभा राहतोच. जिल्ह्याच्या नेत्याला तोंडघशी पडताना टीव्हीवर पाहून घरीच बसलेले कार्यकर्ते किती असतील? जिल्ह्यातल्या दहापैकी दहा जागा महायुती आणि तिच्या मित्रांकडे गेल्या. चारावरून काँग्रेस शून्यावर आली.

आणि महापालिका

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महापालिकेची निवडणूक अखेर लागली. २० प्रभाग, ८१ जागा. ३० डिसेंबर २०२५ पर्यंत अर्ज, २ जानेवारीला माघार, १५ जानेवारी २०२६ ला मतदान, १६ ला निकाल. अर्ज आणि माघार यांच्यात पुन्हा तेच मोकळे दिवस, आणि त्या दिवसांत राज्यातल्या महापालिकांमध्ये साठाहून अधिक जागा बिनविरोध झाल्या. त्या प्रभागांतल्या लोकांना, कित्येक वर्षांनी आलेल्या निवडणुकीत, केंद्रावर जाऊन आपलं मत द्यायची वेळच आली नाही किंवा त्या जागेपुरतं ते देता आलं नाही. छाननी हवीच, हरकतींना वेळ हवाच. पण माघारीची मुदत अर्जाच्या मुदतीसोबत संपवायला कायद्यातली एक ओळ बदलावी लागेल, आणि ही मागणी कोल्हापूरच्या मतदारानं प्रत्येक पक्षाकडे करावी. ती ओळ न बदलल्याची किंमत त्यानं आधीच मोजली आहे.